विमलताईसाहेबांची द्राक्षासव-स्वारी

श्री.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ वद्य चतुर्थी, रविवार, ते दिवशी यवतमाळ प्रांती, लोहाऱ्याचे शिवेवर, द्राक्षासवाचे मैदानी जो संग्राम जाहला, त्याची वार्ता मुलखात नाना तऱ्हेने पसरली आहे. कोणी म्हणतात सासूने सुनेस बहकविले, कोणी म्हणतात सुनेने सासूस, आणि कोणी तर ऐसे छातीठोक सांगतात की पोलीस आले होते. पोलीस आले नव्हते. एक होमगार्ड होता, आणि तो दुचाक्या लावून घेण्याचे कामी मशगूल होता. ऐशी खोटी बातमी वाढो नये, आणि ज्यांनी पराक्रम केला त्यांचे श्रेय दुसऱ्याने लाटो नये, याकारणे हे लिहिणे. यात पदरचे काही घातले नाही; जेथे घातले तेथे शोभेपुरते.

तर यवतमाळ शहरी, लोहाऱ्याकडील अंगास, एका वसाहतीत राजश्री विठ्ठलराव, निवृत्त कृषी पर्यवेक्षक, हे राज्य करीत होते. राज्य म्हणजे तीन खोल्या, एक गच्ची आणि अंगणात कढीपत्त्याचे झाड. परंतु दरारा मोठा. वसाहतीचे व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्षपद त्यांजकडे, आणि आवाज ऐसा बुलंद की ध्वनिक्षेपकाची गरज नसे, तरी ध्वनिक्षेपक लावीत. 'आज घोट, उद्या खोट, परवा रिकामं पोट' हे वाक्य त्यांनी स्वहस्ते रचून चौकातील भिंतीवर रंगविले होते, आणि पानठेलेवाले त्यांस दुरून पाहताच तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या पाटाखाली सारीत. मंडळाचे सचिव शेजारचे शंकरसिंग, एसटीचे आगारातून निवृत्त. अध्यक्षांनी बोलावे आणि सचिवांनी मान डोलवावी, ऐसा उभयतांचा करार होता.

या राज्यात वज्रचुडेमंडित विमलताईसाहेब पस्तीस वर्षे नांदत होत्या. वरणात मीठ किती, आंबा कोणता गोड, कोणता कीर्तनकार खरा आणि कोणता नाटकी, या सर्वांचे फर्मान विठ्ठलरावांकडून निघे. ताईसाहेबांनी काही अर्ज केला तर त्यावर एकच शेरा पडे: "तुले काय समजते त्यातलं?" ताईसाहेब गप्प बसत आणि वरणात मीठ आपल्या मनाप्रमाणे टाकीत, आणि विठ्ठलराव जेवून म्हणत, पाहा, मी सांगितले तैसे टाकले म्हणून चव आली.

युद्धास कारण जाहली सूनबाई निकिता. ती बँकेत कामावर, पती नयन पुण्यास नोकरीवर, आणि बोटे सदा मोबाईलवर. एके रात्री जेवताना तिने वाचून दाखविले की येत्या रविवारी लोहाऱ्याजवळ मोठ्या लॉनवर वाइनचा आस्वाद महोत्सव भरणार, ठिकठिकाणचे वाइनवाले येणार, आणि गाणेबजावणे होणार. हे ऐकताच विठ्ठलराव कढीची वाटी हाती घेऊन उभे राहिले आणि त्यांनी हुकूम फर्माविला की या घरातील कोणी त्या मैदानाचे वाऱ्यासही उभे राहू नये, कारण वाइन ही दारूचीच शहरात शिकलेली बहीण होय, आणि चवीस ती सडक्या चिंचेप्रमाणे असते.

तेव्हा ताईसाहेबांनी पोळी वाढता वाढता इतकेच पुसले, "तुमी चाखली काय कधी?"

कढी हिंदकळली. पस्तीस वर्षांत ऐसा सवाल दरबारी आला नव्हता. विठ्ठलरावांची मर्जी खपा जाहली, कान तांबडे जाहले, आणि मग तोच शेरा पडला, की तुले काय समजते त्यातलं. परंतु ते रात्री विठ्ठलराव कुशी बदलीत राहिले, आणि ताईसाहेबही जाग्या होत्या. ताईसाहेबांस द्राक्षासवाची हाव नव्हती. त्यांस इतकेच वाटत होते की जगात एक तरी वस्तू ऐसी असावी, जी आपण आधी चाखली आणि मग ठरविली.

दुसरे दिवशी गच्चीवर, मुंगवड्या वाळत घालण्याचे निमित्ताने, मसलत बसली. ताईसाहेब, निकिता, आणि शंकरसिंगांचे कुटुंब लालीबाई, ऐशा तिघी. लालीबाई म्हणजे धिप्पाड बाई, हसली तर वड्यांवरचे कावळे उडावे. निकिताने तिघींचे प्रवेशपास मोबाईलवर काढले. तो ताईसाहेबांचे ध्यानी आले की रविवारी संकष्टी, आणि मोहीम मोडते ऐसा रंग दिसू लागला. मग लालीबाईने शास्त्रार्थ केला.

"ताई, अंगूर उपासाले चालते न?"

"चालते."

"मनुका चालते?"

"चालते."

"मंग दोघाईच्या मधातलं कायले नाही चालत?"

ताईसाहेबांनी गणरायास मनोमन नमस्कार घातला आणि शंकेचे निवारण जाहले ऐसे धरून चालल्या.

राहिली गोष्ट बहाण्याची. रविवारी सकाळी ताईसाहेबांनी विठ्ठलरावांपुढे अर्ज केला की आम्ही तिघी साड्यांचे प्रदर्शन पाहावयास जातो. एरवी साडी म्हटले की चौकशी बसे: कोणती, कशाला, मागली काय जाहली. परंतु आज विठ्ठलराव आरशापुढे उभे राहून मिशांस तेल लावीत होते, आणि बोलले की जा, सावकाश या, घाई काही नाही. आम्हांसही केळापूर तालुक्यात व्यसनमुक्तीचा मेळावा आहे, मी आणि सचिव निघतो, दिवेलागणीस परत येऊ. ताईसाहेबांस क्षणभर वाटले की इतकी मेहेरबानी बरी नव्हे. परंतु निकिताने बोलाविलेल्या विक्कीचा ऑटो दारात हॉर्न देत होता, आणि मुहूर्त टळत होता.

मग फौजेने कूच केले. ताईसाहेबांनी आमसुली रंगाची साडी, पायी चपला, आणि पिशवीत उपासाचा चिवडा व पाण्याची बाटली घेतली. लालीबाईने ओळख पटो नये म्हणून जावयाचा काळा चश्मा घातला. त्याने ती सर्वांच्या अधिकच नजरेत भरू लागली. विक्कीने पुसले की कोणत्या साड्यांचे प्रदर्शनास सोडू, आणि निकिताने लॉनचे नाव सांगितले. विक्कीने आरशातून तिघींकडे पाहिले, गिअर टाकला, आणि शहाणा माणूस म्हणून पुढे काही बोलला नाही.

मैदानी पोचल्यावर पाहतात तो रणभूमी मोठी. पांढरे मांडव दुतर्फा, मध्ये हिरवळ, माघातले ऊन डोक्यावर, आणि यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा ऐशा नाना ठिकाणचे लोक. वेशीवर मनगटास कागदी पट्टा बांधला, आणि प्रत्येकीचे गळ्यात दोरीला बांधून एक काचेचा पेला अडकविला. ताईसाहेबांनी तो पदराआड घेतला. लालीबाईने मात्र चांदीच्या हाराप्रमाणे छातीवर मिरविला.

पहिले ठाणे नाशिककडील मंडळींचे. तेथे काळा एप्रन घातलेला एक तरुण उभा होता. त्याने पेल्यात इतके थोडे ओतले की लालीबाईस वाटले बाटली संपली. मग त्याने समजाविले की पेला गोल फिरवावा, मग नाक आत घालून वास घ्यावा, मग घोट तोंडात फिरवावा.

"काकू, यात ओली माती, चामडं आणि हलकासा तंबाखू जाणवेल तुम्हाला."

"तंबाखू!" लालीबाईने चश्मा कपाळावर नेला. "बाप्पा! आमच्या घरचा माणूस तंबाखू सोडवाले गावोगाव फिरून राह्यला, अन् तुमी मुद्दाम टाकता काय?"

त्याने हात जोडून सांगितले की टाकत नाही, केवळ जाणवतो. इतकियात शेजारी एका सूटबूटवाल्या गृहस्थाने घोट घेतला, डोळे मिटले, आणि तो समोरील बादलीत थुंकला. लालीबाईस त्याची दया आली. तिने ताईसाहेबांच्या पिशवीतून चिवडा काढून त्याचे हाती दिला आणि सांगितले, भाऊ, नसेल सोसत तर कायले जीव खाता, हे खा. गृहस्थांनी चिवडा खाल्ला आणि कोणत्या वाइनबरोबर तो जावा याचा विचार करीत राहिले.

ताईसाहेबांनी मात्र पेला फिरविला, नाक आत घातले, आणि बराच वेळ तैशाच उभ्या राहिल्या.

"मले तर गुळाच्या ढेपीचा वास येऊन राह्यला," त्या भीत भीत बोलल्या. "पावसाळ्यात पाघळलेल्या."

आता तो तरुण हसेल आणि तोच शेरा मारील, ऐसे समजून त्यांनी पदर सावरला. परंतु तो हसला नाही. त्याने आपल्या पेल्यात ओतून स्वतः हुंगले आणि म्हणाला, "हो की. येतोय गूळ. बरोबर आहे, काकू. ज्याला जे जाणवेल ते बरोबर."

ताईसाहेब चकित जाहल्या. ऐसा मुलूख त्यांनी पाहिलाच नव्हता, जेथे तुम्ही बोलावे आणि समोरच्याने ते हुंगून पाहावे. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. निकिता पाहत राहिली, लालीबाई पाहत राहिली. ताईसाहेबांची मुद्रा आधी आक्रसली, मग सैल जाहली, मग भिवई वर गेली. परंतु काय वाटले ते त्या बोलल्या नाहीत. "पुढचं पाहू," इतकेच म्हणाल्या.

मग ठाण्यामागून ठाणे सर होऊ लागले. एके ठायी पांढरी, एके ठायी गुलाबी, एके ठायी फसफसणारी, जी लालीबाईचे नाकातून परत आली. एका कोपऱ्यात केळापूरकडील शकुबाई आपल्या बचत गटाची जांभळाची आणि मोहफुलांची घेऊन बसली होती. मोहाचा वास येताच ताईसाहेबांस माहेरचे रान आठवले, पहाटे फुले वेचणाऱ्या बाया आठवल्या, आणि त्यांनी शकुबाईजवळ बसून उन्हाळ्याच्या, पाण्याच्या आणि लेकीबाळींच्या गोष्टी केल्या. निकिता फोटो काढीत होती. तिने आजवर सासूस इतके बोलताना ऐकले नव्हते, आणि ऐकता ऐकता ती फोटो काढणेही विसरली.

ऐशा विजयाचे भरात असता मैदानाचे मध्यभागातून ढोल वाजला आणि ध्वनिक्षेपकावर पुकारा जाहला की द्राक्षे तुडविण्याचा खेळ सुरू, ज्यांस हौस त्यांनी जोडे काढून पिंपात उतरावे. गर्दी तिकडे वळली. ताईसाहेबही वळल्या. टाचा उंचावून पाहतात तो काय!

लाकडी मोठ्या पिंपात, काळ्या द्राक्षांत घोट्यापर्यंत बुडालेले, पायजमा गुडघ्यावर गुंडाळलेला, डोकीवर कोणाची तरी उसनी उन्हाळी टोपी, आणि हात हवेत, ऐसे राजश्री विठ्ठलराव, व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष, ढोलाचे तालावर नाचत होते. शेजारच्या पिंपात सचिव मान डोलावीत होते.

प्रथम शंकरसिंगांनी पाहिले. "याडी ये!" ऐसा आईचा धावा करून ते खाली बसले, आणि द्राक्षांत बसले.

विठ्ठलरावांनी मान वळविली. नवरा-बायकोची दृष्टादृष्ट जाहली. ढोल वाजत होता, तो ढोलवाल्याने काय ते ओळखून थांबविला. एका हाती काठी एका हाती शिट्टी ऐसा होमगार्डही आला, कारण दुचाक्यांपेक्षा येथे अधिक रंग होता.

"अवो," ताईसाहेब बोलल्या, "मेळावा हाच काय?"

विठ्ठलराव वक्ते होते, आणि वक्त्यास संकटी वाक्य सुचते. त्यांनी छाती पुढे काढली आणि गरजले, "मी पिऊन नाही राह्यलो! एक थेंब नाही! मी तुडवून राह्यलो! दारूले पायाखाली तुडवून राह्यलो!"

सूत्रसंचालकाने त्यांचे तोंडाशी ध्वनिक्षेपक नेला होता, सबब हे वाक्य लोहाऱ्याचे कारखान्यांपर्यंत गेले. लोकांनी टाळ्या पिटल्या. विठ्ठलरावांस धीर आला, आणि त्यांनी उलट हल्ला केला.

"अन् तू? साड्या कुठं आहेत? गळ्यात काय लटकवलं ते?"

ताईसाहेबांनी पदराआडचा पेला बाहेर काढला. तळाशी मोहाचा घोट शिल्लक होता. त्यांनी तो उन्हात धरला, आणि अवघ्या मैदानासमक्ष जबाब दिला.

"पेला हाय. मी चाखून राह्यले. तुमाले न सांगता आले, अन् चाखून राह्यले."

या सरळ बोलण्याचा विठ्ठलरावांवर ऐसा मारा जाहला की पाय घसरून ते पिंपाचे काठास लटकले. तो संधी साधून सूत्रसंचालकाने पुकारा केला की आता जोडप्यांचा सामना, ज्यांचे पिंपातून अधिक रस निघेल ते विजयी! लोकांनी "काकू उतरा, काकू उतरा" ऐसा गलबला केला. लालीबाईने तर विचारही केला नाही; चश्मा निकिताकडे फेकला, लुगड्याचा ओचा खोवला आणि शंकरसिंगांचे पिंपात ऐसी उडी घेतली की पहिला शेरभर रस उडीतच निघाला.

आता माघार नव्हती. ताईसाहेबांनी पेला निकिताचे स्वाधीन केला, चपला काढल्या, आणि पिंपात उतरल्या. द्राक्षे गार होती, गुळगुळीत होती, आणि पायाखाली फुटताना ऐसी सुखाची चटचट होई की त्यांस रागावयाचे होते तेही क्षणभर राहून गेले.

ढोल वाजला. विठ्ठलराव सवयीप्रमाणे हुकूम देऊ लागले, इकडे दाब, तिकडे दाब, आणि दर हुकुमास घसरू लागले. तिसऱ्या खेपेस ताईसाहेबांनी त्यांचे मनगट धरले. चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात धरल्याची ही पहिलीच खेप.

"गप राहा," त्या बोलल्या. "टाचेनं दाबा. माह्या तालावर. एक... दोन..."

आणि विठ्ठलरावांनी टाचेने दाबले. त्यांचे त्यांसच नवल वाटले. उभयतां हात धरून गोल फिरू लागली, जांभळा रस तोटीतून हंड्यात पडू लागला, आणि निकिता काठावरून "आई! बाबा! आई! बाबा!" ऐसा घोष करू लागली. परंतु पलीकडील पिंपात लालीबाई होती. ती नाचत नव्हती, ती चालून जात होती. शंकरसिंगांनी जीव मुठीत धरून काठावर आसरा घेतला, आणि लालीबाईने एकटीने गड काढला. हंडे मोजता लालीबाईचा रस दीडपट भरला. ताईसाहेबांचा पराभव जाहला, हे खरे ते लिहिले पाहिजे.

बक्षीस म्हणून एक भली मोठी बाटली विजयी जोडप्यास मंचावर देण्यात आली, आणि छायाचित्रकार पुढे सरसावला. व्यसनमुक्ती मंडळाचे सचिवांस तोंड लपविणे अगत्याचे होते, परंतु जवळ बाटलीवाचून दुसरे काही नव्हते. सबब त्या छायाचित्रात लालीबाई हसत आहे, आणि शेजारी एक बाटली आहे, जिला दोन कान आहेत.

मग गर्दी पांगली. मांडवाचे मागे पाय धुण्यासाठी नळ होता, तेथे सिमेंटच्या ओट्यावर विठ्ठलराव आणि ताईसाहेब बसली. उन्हे कलली होती. चारही पाय गुडघ्यापर्यंत जांभळे, आणि घासता निघेनात. ताईसाहेबांनी मनात सर्व उत्तरे जुळवून ठेविली होती, कारण आता चौकशी बसणार हे त्यांस ठाऊक होते.

परंतु विठ्ठलराव नळाकडे पाहत बोलले, आणि आवाज ऐसा हळू की ध्वनिक्षेपकाची प्रथमच गरज पडावी.

"तू त्या दिवशी इचारलं न, चाखली काय म्हणून. मले झोप नाही आली. म्हटलं, एक घोट घ्यावा, अन् मंग ठामपणे सांगावं. म्हणून आलो. दोनदा मैदानाले चक्कर मारली. पेला पुढं कराले हात नाही झाला. भिंतीवर रंगवलेलं डोयापुढं येऊन राह्यलं होतं." त्यांनी टाच घासली. "मंग शंकरसिंग म्हणे, तुडवाले काय हरकत हाय."

ताईसाहेबांस हसू आले, आणि जुळविलेली उत्तरे सर्व वाया गेली. त्यांनी निकिताकडून पेला मागविला. मोहाचा घोट अजून तळाशी होता. तो त्यांनी पुढे केला. "घ्या. कोणी पाहून नाही राह्यलं."

विठ्ठलरावांनी पेल्याकडे पाहिले, हुंगले, आणि पेला परत दिला.

"नको," ते म्हणाले. "शब्द देऊन बसलो लोकाईले." मग ओट्यावर थोडे सरकून, बायकोकडे तोंड करून बसले. "तूच सांग. कशी लागली वं?"

ताईसाहेबांनी पेला बाजूस ठेविला. पदराने हात पुसले. घाई केली नाही.

"पह्यले आंबट," त्या बोलल्या. "तोंड वाकडंच होते. मंग तुरट, कच्च्या टेंभुर्णासारखं. मले वाटलं, संपलं. पण थांबा, खरं त्याच्या नंतर हाय..."

आणि त्या सांगू लागल्या. गुळाच्या ढेपीचे सांगितले, मोहाचे सांगितले, फसफसणारीचे आणि लालीबाईचे नाकाचे सांगितले. निकिता दूर उभी होती. विक्कीने ऑटोचा हॉर्न दिला, तो तिने हात करून थांबविला.

येणेप्रमाणे लोहाऱ्याचे मुक्कामी, नळाजवळील ओट्यावर, सूर्यास्ताचे सुमारास, वज्रचुडेमंडित विमलताईसाहेब बोलत राहिल्या, आणि राजश्री विठ्ठलराव ऐकत राहिले, आणि आरंभापासून अखेरपर्यंत मध्ये एक शब्द बोलले नाहीत. या संसारात ऐसे पूर्वी घडल्याचा दाखला कोठे सापडत नाही. पिंपातील लढाई लालीबाईने मारली. मोहीम फत्ते जाहली ती विमलताईसाहेबांची. जैसे घडले तैसे लिहिले.